वेळेची नोंदवही

अण्णांचे कापडाचे दुकान सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आहे; खाली दुकान, वर घर. तेथील आठवडी बाजार रविवारचा. त्यामुळे ज्या सकाळी ‘रामायण’ पाहण्यासाठी शहरांतील रस्ते ओस पडत, त्याच सकाळी खेड्यापाड्यांतून आलेली गिऱ्हाइके अण्णांच्या दुकानाच्या पायऱ्या चढत. वरच्या मजल्यावरून येणारा आवाज कानांवर पडत राही आणि खाली अण्णा लुगड्यांच्या घड्या उलगडीत बसत. ३१ जुलै १९८८ रोजी ती मालिका संपली. तिचा एकही भाग त्यांनी सलग पाहिला नव्हता. २ ऑक्टोबरपासून ‘महाभारत’ सुरू झाले, तेव्हा बाईंनी, म्हणजे अण्णांच्या पत्नीने, आपल्या दुबईत नोकरी करणाऱ्या भावाला पत्र लिहिले. दिवाळीत तो आला, तो व्हीसीआर घेऊनच.

गावात आणखी दोघातिघांकडे तसे यंत्र होते, पण ते भाड्याने आणलेले चित्रपट पाहण्यापुरते. त्या यंत्राच्या पोटात एक घड्याळ असते आणि घरात कोणी नसतानाही ते ठरल्या वेळी कार्यक्रम टिपून ठेवू शकते, याकडे कोणाचे फारसे लक्ष गेलेले नव्हते. अण्णांना नेमके तेच हवे होते. थोरला मुलगा बी.कॉम. झालेला, सोबतची इंग्रजी पुस्तिका त्याने दोन रात्री वाचली आणि टायमर लावण्याचे काम आपल्याकडे घेतले.

पहिला रविवार वाया गेला तो अण्णांमुळेच. काम झाले की भिंतीवरचे बटण बंद करायचे, ही त्यांची जन्माची शिस्त. सकाळी खाली उतरताना त्यांनी नेहमीप्रमाणे ते बंद केले आणि यंत्र झोपी गेले. दुसऱ्या रविवारी बटण चालू होते, पण पहाटे वीज गेली होती. वीज परत आली तेव्हा घड्याळ सगळे विसरले होते आणि त्याच्या तोंडावर नुसती शून्ये लुकलुकत होती. तिसऱ्या वेळी वार, सुरू होण्याची वेळ, थांबण्याची वेळ, वाहिनी, सारे बरोबर भरले; मात्र सर्वांत शेवटी दाबायचे टायमरचे बटण दाबायचे राहिले. हे बटण दाबल्यावर यंत्र बंद पडल्यासारखे दिसते. पुढच्या बाजूस घड्याळाची एक छोटी खूण तेवढी उमटते आणि इतर कोणतेही बटण दाद देत नाही. पुढे एकदा यंत्र बिघडले असे समजून मुलांनी ते बटण काढले, चित्रपट पाहिला आणि बटण तसेच सोडून दिले. आणखी एका रविवारी ‘महाभारता’च्या जागी नुसती मुंग्यांची गर्दी टिपली गेली. दूरचित्रवाणी संचावर दूरदर्शन लागले होते हे खरे. पण व्हीसीआरला स्वतःचा वेगळा ग्राहक असतो, त्याच्यावर वाहिनी निराळी लावावी लागते आणि संच बंद असला तरी त्याचे काम अडत नाही, ही गोष्ट घरात तेव्हा कोणालाच उमगली नव्हती.

यांतील एकही चूक मोठी नव्हती आणि एकही चूक यंत्राची नव्हती. सांगितले तेवढे आणि सांगितले तसेच ते करीत होते. दुकानातला जुना गुमास्ता तरी मालकाच्या सांगण्यातली चूक ओळखून सांभाळून घेई.

हळूहळू जमू लागले. तीन तासांच्या कॅसेटवर तीन भाग बसत. रविवारी रात्री बाजाराचा हिशेब मिटला की अण्णा वर येत आणि बाई त्यांच्यासाठी सकाळचा भाग पुन्हा पाहत. २४ जून १९९० रोजी मालिकेचा ९४ वा आणि शेवटचा भाग झाला, तोवर घरात कॅसेटींची एक फळी भरली होती. सगळे भाग काही त्यांत नव्हते. काहींची सुरुवात नव्हती, काहींचा शेवट.

मध्यंतरी, १९९० च्या मे महिन्यात, धाकट्या मुलीचे लग्न झाले. त्याचे चित्रण करवून घेतले होते. त्याची एकच कॅसेट, पूर्ण तीन तासांची. दुसऱ्या वर्षी बाई गेल्या. छायाचित्रे पुष्कळ होती, पण चालत्याबोलत्या बाई त्या एका कॅसेटवरच होत्या. मुलगी माहेरी आली की ती लावली जाई.

२७ फेब्रुवारी १९९३ हा शनिवार होता. त्या काळी केंद्रीय अर्थसंकल्प संध्याकाळी पाच वाजता मांडला जाई. ही इंग्रजांच्या अमदानीपासून चालत आलेली वेळ. व्यापाऱ्याच्या दृष्टीने अतिशय गैरसोयीची, कारण दुकानात गिऱ्हाईक येण्याचीही वेळ तीच. अबकारी करात काय फिरते, सुताला काय लागते, हे दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून कळेच. पण अण्णांना ते अर्थमंत्र्यांच्या तोंडून, आपल्या सवडीने, थांबवून थांबवून ऐकायचे होते. मुलाने दुपारी जेवण झाल्यावर टायमर लावला. ४ वाजून ५५ मिनिटे ते ७ वाजून १५ मिनिटे. घड्याळ आकाशवाणीच्या ठोक्यांशी ताडून पाहिले. भिंतीवरच्या बटणावर कागद चिकटवून ‘बंद करू नये’ असे लिहिले. त्या दिवशी वीज गेली नाही. वेळ, वार, वाहिनी, बटण, सारे यथास्थित झाले. इतके निर्दोष काम त्या घरात त्याआधी क्वचितच झाले असेल.

रात्री अण्णांनी कॅसेट सुरुवातीला नेऊन भाषण ऐकायला घेतले. डॉ. मनमोहन सिंग बोलत होते. चित्र स्वच्छ होते. अण्णा समोर वही घेऊन बसले होते. अर्ध्या तासाने सून दूध घेऊन आली आणि सहज तिचे लक्ष टीपॉयवर पडलेल्या रिकाम्या वेष्टनाकडे गेले. वेष्टनावर लग्नाची तारीख होती.

आदल्याच आठवड्यात धाकटी मुलगी येऊन गेली होती. तिने कॅसेट पाहून, नीट सुरुवातीला गुंडाळून, यंत्रातच ठेवली होती. मुलाने यंत्रात कॅसेट आहे एवढे पाहिले. कोणती आहे ते पाहिले नाही.

खरे तर यावर उपाय त्या कॅसेटच्या अंगावरच होता. प्रत्येक कॅसेटच्या कडेला नखाएवढी एक प्लास्टिकची पट्टी असते. ती मोडून टाकली की त्या कॅसेटवर नवे काही चढत नाही. टायमर लावू गेले तर यंत्र कॅसेट सरळ बाहेर ढकलते. पुढे कधी ती पुन्हा वापरायची झाली, तर त्या खाचेवर चिकटपट्टी लावली की काम भागते. पुस्तिकेत हे लिहिलेले होते. मुलाने वाचलेही होते. लग्नाच्या कॅसेटची पट्टी मोडायची कोणाला सुचले नाही एवढेच. नवी कोरी वस्तू आपल्या हाताने मोडायला व्यापाऱ्याच्या घरात मन होत नाही.

मुलगा काही बोलू शकला नाही. अण्णांनी कॅसेट थांबवली नाही. भाषण संपेपर्यंत ते तसेच बसून राहिले, पण वहीत पुढे काही लिहिले नाही. भाषणानंतर तज्ज्ञांची चर्चा सुरू झाली. सव्वासात वाजता टायमरने आपले काम थांबवले होते. तेथे चित्र फाटले, दोनचार आडव्या रेघा गेल्या आणि एकाएकी मांडव दिसू लागला. तीन तासांच्या कॅसेटवर टायमर दोन तास वीस मिनिटांचा होता. शेवटची चाळीस मिनिटे शाबूत होती. विधी गेले होते, पंगती गेल्या होत्या. पाठवणी राहिली होती, आणि पाठवणीत बाई होत्या.

त्याच रात्री सुनेने त्या कॅसेटची पट्टी मोडली. मग फळीवरच्या सगळ्या कॅसेटी उतरवून, काय ठेवायचे आणि काय नाही ते विचारून, एकेकीची पट्टी ती मोडत गेली. सोमवारी तिने दुकानातून एक लाल बांधणीची वही मागून घेतली. तिच्यात तिने रकाने आखले: तारीख, वार, कार्यक्रम, सुरू, बंद, कॅसेटचा क्रमांक, कॅसेटवर शिल्लक राहिलेली मिनिटे. अखेरच्या रकान्यात घड्याळ मिळवले की नाही आणि टायमरची खूण दिसली की नाही, यासाठी दोन बरोबरच्या खुणा. पुस्तिका तिनेही वाचली, पण वहीवर तिचा विश्वास अधिक होता. टायमर नवऱ्याने लावला तर तपासणी ती करी आणि तिने लावला तर तो. बँकेत रोख मोजणारा आणि ती पडताळून पाहणारा हे दोघे वेगळे असतात, ते उगाच नव्हे. बटणावरचा कागद गेला आणि त्या जागी व्हीसीआरसाठी स्वतंत्र जोडणी आली, जिला अण्णांचा हात पोहोचत नसे.

तरीही एक गोष्ट वहीच्या हाती नव्हती, ती म्हणजे कार्यक्रम वेळेवर सुरू होणे. क्रिकेटचा सामना लांबला की मागचे सारे पुढे सरके, आणि टायमर आपला ठरल्या मिनिटाला सुरू होऊन ठरल्या मिनिटाला बंद होई. जर्मनीत १९८५ पासून प्रक्षेपण केंद्रेच कार्यक्रमासोबत एक अदृश्य संकेत पाठवू लागली होती. कार्यक्रम अर्धा तास उशिरा सुरू झाला तरी व्हीसीआर त्या संकेताची वाट पाहत थांबे. अण्णांच्या घरच्या यंत्राला असे कोणी कळवीत नव्हते. सुनेने साधा मार्ग काढला: आधी पाच मिनिटे, नंतर पंधरा आणि सामना असेल त्या दिवशी नंतर पाऊण तास. कॅसेट थोडी अधिक खर्ची पडे. हा खर्च अण्णांनी एकदाही काढला नाही.

१९९९ साली अर्थसंकल्पाची वेळ सकाळी अकराची झाली. वहीत २७ फेब्रुवारीच्या नोंदीखाली तिने लाल शाईने रेघ मारलेली आहे. पुढे केबल आली, वाहिन्या वाढल्या, वही भरून दुसरी लागली. २००८ नंतर छतावर तबकडी बसली आणि आतच साठवण असलेला सेटटॉप बॉक्स घरात आला. त्यात घड्याळ मिळवावे लागत नाही. ते आकाशातूनच येते. कार्यक्रमाच्या नावावर एकदा बोट ठेवले की मालिकेचे सगळे भाग आपोआप टिपले जातात. नातीने ते दहा मिनिटांत आत्मसात केले. दोन वर्षांत त्या डब्यात शेकडो तास साठले. तिसऱ्या वर्षी पावसाळ्यात डबा बंद पडला. सेवा देणाऱ्या कंपनीच्या माणसाने तो तत्परतेने बदलून दिला आणि जुना घेऊन गेला. त्यातले सारे त्याच्याबरोबर गेले. तेथे साठवलेले त्याच डब्यात पाहता येते, बाहेर काढून घेता येत नाही, हे तेव्हा समजले. नातीला त्याचे फारसे वाईट वाटले नाही. सून मात्र त्या दिवशी फळीवरच्या कॅसेटी पुसत बसली होती. काहींच्या फितीवर पांढरी बुरशी धरली होती.

तेव्हा ठरले, की लग्नाची कॅसेट सोलापूरला नेऊन तिची डिजिटल प्रत करून घ्यायची. स्टुडिओतल्या मुलाने फीत साफ केली, लावून पाहिली आणि विचारले, “काका, सुरुवातीला दोन तास बजेटच आहे. ते कापून टाकू ना?”

मुलाने लगेच होकार दिला असता. अण्णा बरोबर होते. ते म्हणाले, “नको. वहीत चुकलेली रक्कम आपण रबराने खोडत नाही. रेघ मारतो, खाली बरोबर रक्कम लिहितो. वरची वाचता आली पाहिजे.”

म्हणून ती प्रत तशीच, पूर्ण तीन तासांची आहे. अण्णांनी आता ऐंशी ओलांडली. धाकटी मुलगी आली की पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला जातो, मुलगा दोन तास दहा मिनिटे पुढे सारतो आणि अर्थसंकल्पावरच्या चर्चेची शेवटची दहा मिनिटे सगळे मुकाट्याने ऐकतात. मग चित्र फाटते, रेघा जातात, मांडव येतो. बाई मुलीची ओटी भरतात, पदर सावरतात आणि चित्रण करणाऱ्या पोराकडे वळून म्हणतात, “अरे, मघापासून उन्हात उभा आहेस, सरबत तरी घेतलंस का?”