अडाणकांठची चाकोरी

पायगाडी ही सडकेचीच वस्तु, असा आमचा आजवर समज होता. तो गेल्या ज्येष्ठांत इंझोरीस दूर झाला. वाशीम जिल्ह्यांतील मानोरा तालुक्याचें हें गांव. पुढें पैनगंगेस मिळणाऱ्या अडाण नदीचें खोरें येथून जवळच. नातवाची जाड टायरांची डोंगरी पायगाडी पुढें, आमची जुनी मागें, अशा आम्ही त्या साग-पळसांच्या उतारावरील गाडवाटेस लागलों. कोरड्या चाकोरींत चाक कसें आपोआप धांवतें! बाभळीच्या कांट्यानें मात्र घटकाभर खोळंबा केला, आणि तेवढ्यांत पाऊस आला.

वऱ्हाडची काळी माती म्हणजे झिजलेला काळा पाषाण. पाणी पितांच ती फुगते व चिकटते. शंभर पावलांत आमचें चाक मडगार्डांत जखडलें. नातवाची गाडी बिनमडगार्डाची, तरी तिचीही तीच गत. आम्ही काडीनें चिखल खरवडीत बसलों. तो म्हणाला, "आजोबा, तें राहूं द्या. नाल्याला पाणी यावयाच्या आंत पलीकडे चला."

प्रथम त्यानें आम्हांस हात धरून उतरविलें, मग एकेक गाडी खांद्यावरून नेली. शेवटच्या खेपेस पाणी त्याच्या गुडघ्यावर चढलें होतें. कांठावर उभ्या आमच्या तोंडून रामरक्षाही धड निघेना.

परततांना आम्ही मुरुमाच्या टेकाडावरून, लांबच्या वाटेनें आलों. नाल्याची हकीकत घरच्यांस येथेंच प्रथम वाचावयास मिळेल.