शंभरातले 44 कुठे गेले?

शहाबादची फरशी महाराष्ट्रात घरोघरी पोचली आहे. तिच्याच जातीचा चुनखडक कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यात वाडी, सेडम, मळखेडच्या सिमेंट कारखान्यांत रोज भट्टीत जातो. शुद्ध चुनखडी 100 किलो धरली, तर भाजल्यावर जेमतेम 56 किलो कळीचा चुना हाती लागतो. शेजारच्या बिदरला मात्र याच्या नेमके उलटे घडते. बिदरी कारागिराच्या मुशीत बहुतेक जस्तच असते. तांबे साधारण सोळास एक. मूस फार तापली तर जस्त निळसर-हिरव्या ज्योतीने पेटते आणि कापसाच्या पेळूसारखी पांढरी राख तरंगू लागते. 100 ग्रॅम जस्ताची राख कणही न सांडता गोळा केली, तर ती 124 ग्रॅमच्या वर भरते. विस्तव तोच, पण एकीकडे वजन घटले आणि दुसरीकडे वाढले. द्रव्य अक्षय्यतेचा नियम, म्हणजे बदल कसाही झाला तरी एकूण वजन तेवढेच राहते हा नियम, हाती यायला इतका उशीर का झाला, याचे उत्तर मला या विसंगतीत दिसते. तराजू जगात सगळीकडे होता. हवेला मात्र हिशेबात कोणी धरत नव्हते.

भट्टीजवळ कितीही नेमके वजन केले तरी हे कोडे सुटले नसते. तिथे दगड आणि कोळसा एकत्र तापतात, आणि दोघांतून निघणारा वायू एकच असतो, कार्बन डायऑक्साइड. त्यातला दगडाचा कोणता आणि कोळशाचा कोणता, हे कसे ओळखणार? एडिंबराच्या जोसेफ ब्लॅकने 1756 मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग मला म्हणूनच फार मोलाचे वाटतात. त्याने 120 ग्रेन खडू कडक भाजला, तेव्हा 68 ग्रेन चुना उरला. मग न भाजलेला खडू आणि हा चुना त्याने वेगवेगळे आम्लात विरघळवले. दोघांना जवळपास सारखेच आम्ल लागले. फरक एवढाच, की खडू आम्लात फसफसला आणि चुना शांतपणे विरघळला. विस्तवाचा संबंध नसतानाही दगडातून वायू निघतो, हे इथे सिद्ध झाले. त्या काळी मानत तसा चुन्याचा दाहकपणा आगीकडून आलेला नव्हता; वायू निघून गेल्यामुळे तो प्रकट झाला होता. चुन्याच्या निवळीत फुंकर घातली की ती दुधाळ होते, ती याच वायूमुळे. बिदरच्या महमूद गावानच्या मदरशाचा चुनाही घट्ट झाला तो हाच वायू हवेतून परत घेऊन.

राख जड का होते, हा प्रश्न अधिक चिवट निघाला. इथे कोणी म्हणेल, भांडे बंद केले की झाले. पण रॉबर्ट बॉईलने 1673 च्या सुमारास तेच केले होते. काचेच्या बंद भांड्यात त्याने कथील तापवले, मग भांडे उघडले आणि वजन केले. वजन वाढलेले दिसले. आगीचे कण काचेतून आत शिरले, असा निष्कर्ष त्याने काढला. उघडताना आत घुसलेली हवा हिशेबातून सुटली होती. 1774 मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने भांडे उघडण्याआधी वजन केले, तर बदल नाही; उघडल्यावर केले, तर आत शिरलेल्या हवेइतकी वाढ, आणि कथिलाच्या राखेचीही तेवढीच. पुढे पाऱ्याच्या लाल भुकटीचे 45 ग्रेन तापवून त्याने साडेएकेचाळीस ग्रेन पारा आणि सात-आठ घनइंच वायू मिळवला, म्हणजे उरलेल्या साडेतीन ग्रेनचाही पत्ता लागला. हा वायू म्हणजेच ऑक्सिजन. 1774 च्या ऑगस्टमध्ये इंग्लिश शास्त्रज्ञ प्रीस्टलीनेही तो पकडला होता, पण जळताना पदार्थातून फ्लॉजिस्टन बाहेर पडते हा विचार त्याने अखेरपर्यंत सोडला नाही. त्या विचाराला मी खुळचट म्हणणार नाही. लाकूड, कोळसा, तेल जळताना काहीतरी निघून जाते हे डोळ्यांना दिसतच होते. तो कोसळला तो धातूंच्या राखेपाशी: काही निघून गेल्यावर वजन वाढावे, यासाठी फ्लॉजिस्टनला उणे वजन द्यावे लागले.

मग शतकानुशतके धातूंची भस्मे करणारे आपले रसवैद्य हे का शोधू शकले नाहीत? या प्रश्नात दडलेला कमीपणा मला मान्य नाही. भस्म करताना वनस्पतींचे रस, गंधक, पारा घालून पुन्हा पुन्हा पुटे देत, म्हणजे तापवत; शेवटच्या वजनावरून हवेचा वाटा वेगळा काढणे शक्यच नव्हते. शिवाय त्यांचा शोध औषधाच्या गुणाचा होता. दुसरी शंका आधुनिक आहे: वस्तुमान आणि ऊर्जा एकच, हे आइन्स्टाईनने दाखवल्यावर द्रव्य अक्षय्यतेचा नियम अचूक उरला का? 12 ग्रॅम कार्बन जळताना जी उष्णता बाहेर पडते तिचे वस्तुमान ग्रॅमच्या एक अब्जांश भागांच्या चार-पाच पटींइतके भरते. रसायनशाळेतला कोणताही तराजू ते टिपत नाही.

चुनखडीच्या वजनाचा हा हिशेब आज वाडी-सेडमच्या भट्ट्यांना जास्त लागू आहे. सिमेंटच्या भट्टीतून निघणाऱ्या एक टन क्लिंकरमागे अर्ध्या टनाहून थोडा अधिक कार्बन डायऑक्साइड केवळ चुनखडीतून निघतो, इंधनाचा वेगळाच. कोळशाऐवजी उद्या सौर वीज वापरली तरी शंभरातले हे 44 कमी होणार नाहीत. ते धुराड्याच्या तोंडाशीच पकडावे लागतील, किंवा चुनखडी कमी लागणारे सिमेंट करावे लागेल.