भाकरीचे ख्रिस्ती

आपल्या वाङ्मयात धर्मांतराच्या ज्या कथांना प्रतिष्ठा लाभली, त्या बहुतेक सर्व पुस्तकाच्या पानापासून सुरू होतात. नीलकंठशास्त्री गोरे काशीस पाद्र्यांचे खंडन करावयास बसले आणि खंडनासाठी वाचता वाचता १८४८ साली स्वतःच ख्रिस्ती झाले. बाबा पदमनजींनी आपल्या मनाचा प्रवास 'अरुणोदया'त लिहून ठेवला आहे. नारायण वामन टिळकांना तर आगगाडीत एका अनोळखी युरोपियन गृहस्थाने नव्या कराराची प्रत दिली, आणि पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. या कथा वाचताना ख्रिस्ती नसलेला वाचकही आदराने मान डोलावतो. कारण विद्वानाने विचारांती केलेली गोष्ट, मग ती आपणांस पटो वा न पटो, आपण गंभीरपणे घेत असतो. परंतु आमच्या नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती समाज मुख्यतः या वाटेने आलेला नाही. त्यातले पुष्कळ लोक गावाच्या वेशीबाहेरून आले, आणि पुष्कळ दुष्काळाच्या वर्षांत आले. अशांसाठी इंग्रजीत 'राइस ख्रिश्चन' असा एक शब्द आहे. नगर जिल्ह्यात तांदूळ कोठला? आमच्याकडे ज्वारी. तेव्हा आमच्यापुरता हा शब्द 'भाकरीचे ख्रिस्ती' असा करून घ्यावा लागतो.

माझे घराणे या दुसऱ्या वर्गातले. माझ्या आजीची आई १८९७ साली, आठ-नऊ वर्षांची पोर असताना, मध्यप्रांतातून पंडिता रमाबाईंच्या आश्रयास केडगावी आली. आजीचे वडील संगमनेरकडच्या एका गावाच्या वेशीबाहेर जन्मलेले, आणि मिशनच्या शाळेत शिकून तेथेच मास्तर झालेले. आमच्या ख्रिस्तीपणाचा उगम शोधू गेल्यास एका बाजूस भाकरी सापडते आणि दुसऱ्या बाजूस पाटी.

हे सर्व मला लहानपणापासून ठाऊक होते. पण ठाऊक असणे वेगळे आणि टोचणे वेगळे. ते टोचू लागले १९८८ साली. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, पुण्यास इंग्रजी घेऊन बी.ए. करीत होतो. त्या वयाच्या रीतीप्रमाणे रसेल वाचला होता आणि वसतिगृहाच्या गच्चीवर ईश्वराच्या अस्तित्वाचा निकालही दोन-तीन वेळा लावला होता. त्याने माझी झोप कधी उडाली नाही. ती उडाली एका मित्राच्या वाक्याने. वाद रंगात आला असताना तो सहज म्हणाला, "तुझ्या विश्वासाचं काय घेऊन बसलास? तुमचे लोक विश्वासाने थोडेच ख्रिस्ती झाले, भाकरीसाठी झाले." त्यात कुत्सितपणा नव्हता. नगरकडे पाऊस कमी, असे म्हणावे तशा सुरात तो हे बोलला, आणि म्हणूनच मला उत्तर सुचले नाही. त्याच आठवड्यात वडिलांचे पत्र आले. जूनमध्ये पाळकसाहेब काही तरुणांना मंडळीत पूर्णपणे घेणार होते. म्हणजे त्यांनी सर्वांसमक्ष उभे राहून आपला विश्वास प्रगट करावयाचा आणि मग प्रथमच प्रभुभोजनास बसावयाचे. तू यंदा तयार आहेस ना, एवढेच वडिलांनी विचारले होते. मी सुटीत घरी गेलो तो हे दोन कागद मनात घेऊन. एक लिहिलेला आणि एक न लिहिलेला.

वडील शाळामास्तर. उन्हाळ्याची सुटी म्हणजे वर्षभराच्या नातेवाइकांची हजेरी घेण्याचा काळ, असा त्यांचा दंडक होता. मे महिन्याच्या आरंभी आम्ही राहुरीस आतेबहिणीच्या लग्नाला गेलो. राहुरीस टिळक दांपत्याचे काही काळ वास्तव्य होते. लक्ष्मीबाईंनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला, म्हणजे नवऱ्यानंतर पाच वर्षांनी. आणि त्या पाच वर्षांत त्यांच्यापुढचा प्रश्न ग्रंथाचा नव्हता, सोवळ्याचा आणि पाण्याचा होता, हे 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांस सांगावयास नको. लग्नाच्या वर्णनात मी शिरत नाही. हळद, बँड, पांढरी साडी आणि रुसलेले मामा हे सर्व यथासांग झाले. रात्री मात्र आमच्याकडच्या प्रथेस अनुसरून कीर्तन झाले. टाळ, मृदंग, गळ्यात उपरणे, आणि आख्यान उधळ्या पुत्राचे.

ही कथा मी शंभर वेळा ऐकली असेन. बापाकडून आपला वाटा घेऊन मुलगा दूर देशी जातो, सर्व उडवतो, आणि परत येतो. बाप धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडतो. रविवारच्या शाळेत आम्हांला शिकविले होते की मुलाला पश्चात्ताप झाला म्हणून तो परतला. कीर्तनकारबुवा साठीचे, खेड्यातले, बेताचे शिकलेले. ते मध्येच थांबले आणि श्रोत्यांना विचारते झाले, "पोरगं घरी का आलं?" कोणी म्हणाले, पस्तावलं म्हणून. बुवा म्हणाले, "तसं लिहिलंय का? नीट वाचा. त्या मुलखात दुष्काळ पडला होता. पोराच्या पोटात काही नव्हतं. बापाच्या गड्यांनासुद्धा पोटभर भाकरी मिळते, हे त्याला आठवलं, म्हणून ते उठलं." मृदंगावर थाप पडली आणि आख्यान पुढे गेले.

मी त्या रात्री अंगणातल्या बाजेवर पडून कंदिलाच्या उजेडात लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय काढून पाहिला. बुवांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. दुष्काळ तेथे आहे, भूक तेथे आहे, आणि मुलाने मनाशी जुळविलेले क्षमेचे भाषण भुकेच्या नंतर आहे. बापाने तर ते भाषण पुरते ऐकूनही घेतले नाही.

सकाळी हा शोध मी वडिलांपुढे मोठ्या उत्साहाने मांडला. त्यांनी तो शांतपणे ऐकला आणि योहानाचा सहावा अध्याय वाचावयास सांगितला. तेथे पाच हजारांस जेवू घातल्यावर दुसऱ्या दिवशी लोक प्रभूला शोधीत येतात, आणि प्रभू त्यांस स्पष्ट म्हणतो की तुम्ही पोट भरले म्हणून आला आहात. वडिलांचा हा स्वभावच होता. मुलाच्या हाती एक वचन लागले की दुसऱ्या पारड्यात ते लगेच दुसरे टाकीत. "दोन्ही लिहून ठेवलंय," ते म्हणाले, "एकच वाचायचं नाही."

मेच्या मध्यास आम्ही केडगावास गेलो. नगरहून दौंडापर्यंत एक गाडी, तेथून पुण्याच्या बाजूची पॅसेंजर. आजीने तीन दिवस आधीपासून तयारी चालविली होती; वाटेत विकत घेऊन खाणे तिला मान्य नव्हते, तेव्हा भाकरी, ठेचा आणि पाण्याचा फिरकीचा तांब्या. दौंडाच्या फलाटावर गाडीची वाट पाहताना मी तिला मित्राचे वाक्य सांगितले. तिला राग येईल असे मला वाटले होते. ती म्हणाली, "कुठल्या गावचा रे तो?" मी गाव सांगितले. "मग बहात्तर साली त्याच्या घरी मिलो खाल्लीच असणार."

वाचकांपैकी ज्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला असेल त्यांना ही लाल मिलो ज्वारी आठवत असेल. ती अमेरिकेतून येई, तिच्या भाकरीला ना चव ना रूप. तरी खेडोपाडी ती आणि दुष्काळी कामांवरची सुकडी खाऊन लोकांनी दिवस काढले. ती खाल्ल्याने कोणाचा धर्म गेला नाही, आणि खाल्ली म्हणून कोणी कोणास नावही ठेवले नाही. आजीला वाद घालावयाचा नव्हता. तिला फक्त हिशेब बरोबर ठेवावयाचा होता.

केडगावच्या मुक्तिसदनाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. रमाबाईंचे आईवडील १८७४ साली दुष्काळात उपाशी मेले. त्यांच्या मागून थोरली बहीणही गेली. रमाबाई आणि त्यांचा भाऊ अनवाणी देशभर हिंडले. त्या वेळी त्यांना भाकरीच्या बदल्यात धर्म मागणारे कोणी भेटले नाही, कारण भाकरी देणारेच कोणी भेटले नाही. पुढे १८८३ साली इंग्लंडात त्या ख्रिस्ती झाल्या त्या पोट भरलेले असताना आणि पूर्ण विचाराने. १८९७ साली मध्यप्रांतातील दुष्काळाची वार्ता ऐकून त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व बायका घेऊन आल्या. त्यांत माझी पणजी होती. तिची भाषा तेव्हा मराठी नव्हती, ही गोष्ट मला नेहमी चमत्कारिक वाटत आली आहे; जी मायबोली मी अभिमानाने मिरवतो, तीही आमच्या घरात निम्मी दुष्काळातूनच आली.

मोठ्या प्रार्थनामंदिराच्या सावलीत आम्ही बसलो. त्या आवारात एके काळी माग चालत, तेल निघे, शेती होई. आणि छापखान्यात मुली खिळे जुळवीत. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले सबंध बायबलाचे सोपे मराठी भाषांतर, त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, १९२४ साली, तेथल्याच छापखान्यातून बाहेर पडले. पणजी लग्नापूर्वी त्या छापखान्यात छापील कागदांच्या घड्या घालण्याचे काम करी. वर्षानुवर्षे अक्षरे हातांखालून गेली आणि मग वाचता येऊ लागली, असे ती सांगत असे म्हणे.

"आजी, तुझ्या आईला तू कधी विचारलंस का, ती का ख्रिस्ती झाली ते?"

"विचारलं होतं. लग्न ठरलं तेव्हा." आजीने फडके सोडले आणि एक भाकरी माझ्या हातावर ठेवली. "ती म्हणाली, पहिले सहा महिने मी नुसती जेवले. मग झोप लागायला लागली. बाईंचं बोलणं मग ऐकू आलं."

मी आणखी खोदले. आठ वर्षांच्या पोरीला निवड ती काय होती? तिचे आईबाप कोणत्या देवाचे नाव घेत मेले, हे तिला तरी आठवत होते का? आजी काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "एक चिंचेचं झाड आठवायचं तिला. बाकी काही नाही." पुढे ती रमाबाईंच्या साध्या थडग्याकडे गेली आणि तेथे तिने बराच वेळ डोळे मिटून घेतले. माझ्या प्रश्नाचे उत्तर तिने दिले नाही. गेली पस्तीसांवर वर्षे मी इतिहास आणि वाङ्मय वाचीत आहे. तो प्रश्न मला खोटा वाटत नाही, आणि त्याचे उत्तर देण्याचा अधिकार पणजीखेरीज कोणास होता असेही वाटत नाही. तिने मात्र पुढे सत्तर वर्षे रोज पहाटे उठून प्रार्थना केली. भाकरीचा सौदा इतकी वर्षे फेडीत राहण्याचे तिला कारण नव्हते. छापखाना, मुक्तिसदन, बाई, सर्व मागे पडले होते.

मे संपता संपता भंडारदरा झाले. वास्तविक ती सहल धाकट्या बहिणीसाठी होती, तिला काजवे पाहावयाचे होते. एस.टी.ने संगमनेर, अकोले, राजूर करीत शेंडीस उतरलो. पहिल्या पावसाआधीचे ते दिवस. रात्री झाडेच्या झाडे एकदम पेटत आणि एकदम विझत. बहीण आनंदाने ओरडत होती. आजीचे लक्ष काजव्यांकडे नव्हते. दुपारी धरणाच्या भिंतीवर उभे राहिल्यापासून ती गप्प होती. प्रवरेवरचे हे धरण १९२६ साली पुरे झाले. त्याच्या कालव्यांनी खालच्या मुलखाचे रूप पालटले, ऊस आला, १९५० च्या सुमारास लोणीस सहकारी साखर कारखाना आला. रात्री अंधारात ती वडिलांना म्हणाली, "माझ्या बापाच्या लहानपणी हे पाणी असतं, तर आपण कोण असतो रे?"

वडील, ज्यांच्यापाशी प्रत्येक वचनाला दुसरे वचन असे, ते म्हणाले, "माहीत नाही, आई." मी त्यांच्या तोंडून हे दोन शब्द फार वेळा ऐकले नाहीत.

परतीच्या वाटेवर, एस.टी.च्या खिडकीशी बसून, मला प्रभूने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेचा क्रम आठवला. तोंडपाठ असलेल्या गोष्टीकडे आपले लक्षच जात नाही. तीत माणूस स्वतःसाठी पहिली गोष्ट मागतो ती आजच्या दिवसाची भाकर. अपराधांची क्षमा तिच्यानंतर येते. मराठी बायबलाने तेथे 'अन्न' म्हटले नाही, 'भाकर' म्हटले, आणि आमच्या जिल्ह्यातील माणसाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. योहानाच्या सहाव्या अध्यायाचे ओझे याने हलके होत नाही, हेही मला तेव्हाच कळत होते. पण पोटासाठी आला आहात असे ज्याने लोकांस सुनावले, त्याने आदल्या दिवशी त्यांस आधी गवतावर बसवून वाढले होते, आणि तेव्हा तुम्ही कशासाठी आला आहात हे विचारले नव्हते.

जूनच्या त्या रविवारी आम्ही पाच जण मंडळीपुढे उभे राहिलो. पाळकसाहेबांनी प्रत्येकाला दोन शब्द बोलावयास सांगितले. इतर चौघांनी आपणांस प्रभू कसा भेटला ते सांगितले. मी सांगितले की माझी पणजी १८९७ च्या दुष्काळात जगली, आणि तिला ज्यांनी जेवू घातले त्यांच्या देवावर माझा विश्वास आहे. मागच्या बाकांवर थोडी कुजबूज झाली. पाळकसाहेबांना याहून अधिक काही अपेक्षित असावे. ते क्षणभर थांबले, मग त्यांनी मान हलविली. पावाचे लहान चौकोनी तुकडे केलेली थाळी माझ्यापुढे आली. पाव बाजारातल्या बेकरीचा होता, आदल्या दिवशीचा. घरी जाताना आजी म्हणाली की तिच्या आईच्या वेळी केडगावास काय वाढीत, ते विचारायचे राहूनच गेले.