परतीची वाट

जुन्या ट्रकचा हेडलाइट मंद झाला की आधी बल्ब बदलला जातो, मग स्विच. माझ्या मते पहिला संशय अर्थवर घ्यावा. वीज बॅटरीतून निघते तशी चॅसीवरून परतही यावी लागते, आणि वर्षानुवर्षे चिखलपाणी सोसलेल्या अर्थच्या बोल्टाखाली गंज धरतो. इंडिकेटर दिला की शेजारचा पार्किंगचा दिवाही लुकलुकतो, तो बहुधा यामुळेच: अडलेला प्रवाह दुसऱ्या फिलामेंटमधून वाट काढतो. कुणी म्हणेल, मीटर तर पूर्ण 24 व्होल्ट दाखवतो! दाखवणारच, भार नसेल तर वायरचा एकच धागा शाबूत असूनही तो आकडा येतो. म्हणून दिवा पेटता ठेवूनच बल्बचा अर्थ आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये मोजावे. तिथे दीड व्होल्ट दिसला, तर बल्ब निर्दोष आहे. बोल्ट खोलून धातू चकाकेपर्यंत घासायला घ्यावा.