रॉडवर किती?

पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातला तालुका होता. कॉलेजात असताना तिथल्या व्यायामशाळेत जायला लागलो, तर वस्तादांनी बेंचवर नुसता रॉड दिला. मधोमध गंजलेला, तळहाताला खरखरणारा. शेजारी पोरं प्लेटा खणखणवायची आणि आम्ही रिकामा रॉड दहा-बारा वेळा वरखाली करायचा. लाज वाटे. पण दोनेक महिन्यांत त्यावर दहा-दहाच्या प्लेटा चढल्या, अंगावर मांस मात्र दिसेना! पुढे वाचून कळलं, सुरुवातीची ताकद बरीचशी मज्जासंस्थेची असते. आहेत तेच स्नायू एकजुटीने कामाला लावायला मेंदू शिकतो, आणि त्या शिकण्याला फार वजन लागत नाही. 2003 मध्ये अमेरिकेत अनेक अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला गेला: एका वेळी जास्तीत जास्त जेवढं उचलता येतं, त्याच्या साधारण 60 टक्क्यांवर नवख्याची ताकद सर्वांत चांगली वाढते, मुरलेल्याला 80 लागतात. वस्तादांनी टक्के कधी काढले नाहीत. कोपर थरथरतंय का, एवढंच ते बघायचे.

मग तारापूर एमआयडीसीत पाळ्यांची नोकरी आणि बोईसरची जिम. एव्हाना मी मुरलेल्यांत जमा. म्हणजे अडीच किलो वाढवायला महिनोन् महिने घाम गाळायचा. त्यात रात्रपाळी करून आल्यावरचे 80 टक्के आणि सुट्टीच्या सकाळचे 80 टक्के सारखे नसतात, हे कुठल्याच तक्त्यात नव्हतं. नाइटच्या आठवड्यात मी सरळ प्लेटा कमी करायचो.

अगदी वरच्या पायरीवर तर किलोकिलोची मारामारी. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने 55 किलो गटात एकूण 248 किलो उचलले. सुवर्ण एका किलोने हुकलं. 139 किलोच्या प्रयत्नात त्याचं कोपर दुखावलं. ते वजन मोबाइलवर बघून आमच्याकडची पोरं पहिल्याच आठवड्यात प्लेटा चढवतात. स्नायू लवकर जोर धरतात, कंडरा मात्र सावकाश तयार होतात, हे त्यांना कोण सांगणार?

पन्नाशीत माझी वेगळीच गोची. अनुभवाने 80 टक्क्यांचा मानकरी. पण कशाचे 80? तिशीतली कमाल धरली तर खांदा जाईल. म्हणून अधूनमधून कमाल नव्याने काढतो, तीही पाचदा जेमतेम उचलता येईल अशा वजनावरून, अंदाजाने. मागच्या खेपेला आकडा उतरला. ट्रेनर पोरगा म्हणाला, "काका, अजून पाच लावा, जाईल!"

जाईल, मलाही ठाऊक आहे. पण परवा पायांचा दिवस आहे.