वरची खोली



गेल्या महिन्यात श्रवणबेळगोळचं दर्शन करून आम्ही दोघं म्हैसूरला गेलो. सूर्यास्ताआधी जेवण उरकूनच निघालो, त्यामुळे पोचायला साडेआठ झाले. मुलाने सगळ्यात स्वस्त खोली बुक केली होती. वर फोनवर यांना शिकवलं, "बाबा, लग्नाचा वाढदिवस आहे म्हणा, मोठी खोली देतात."

आमचं लग्न मे महिन्यातलं! मला वाटलं हे हसण्यावारी नेतील. पण काउंटरवर यांनी खरंच तसं सांगितलं. तिथल्या मुलाने अभिनंदन केलं आणि वरच्या मजल्यावरची मोठी खोली दिली. पैसे तेवढेच.

सोफा काय, दोन दोन आरसे काय! मला मात्र गादीवर टेकवेना. सकाळी सहाशेच्या वर पायऱ्या चढून बाहुबलींसमोर हात जोडलेले आणि रात्री हे. न दिलेलं घेऊ नये हे आपल्याला ठाऊक असतं. इथे दिलेलं होतं, पण कशाच्या जोरावर?

सकाळी मी एकटीच खाली गेले आणि माझ्या सांगलीकडच्या मोडक्या कन्नडमध्ये त्या मुलाला खरं सांगून टाकलं. जास्तीचे पैसे घ्या म्हटलं. तो हसायलाच लागला.

"अम्मा, तुमची खोली तुम्ही यायच्या आधीच बदलली होती."

ऐन वेळी काहीजण येत नाहीत, म्हणून स्वस्त खोल्या आहेत त्याहून थोड्या जास्तच बुक करतात. त्या दिवशी सगळेच आले. मग कुणाला तरी वर सरकवायचं. नेहमीच्या गिऱ्हाइकांना आधी, नाहीतर आमच्यासारख्या उशिरा येणाऱ्या, एका रात्रीच्या पाहुण्यांना. दुसऱ्या हॉटेलात पाठवलं तर खर्च यांचाच आणि पाहुणा नाराज. महाग खोली रिकामी राहिली तर त्या रात्रीचं भाडं बुडालेलंच, उद्या दुप्पट लावून ते वसूल होत नाही. आपली भाजीवाली अंधार पडता पडता कोथिंबिरीची जुडी वर टाकते ना, तसंच. वाढदिवस म्हणे रोजच कुणा ना कुणाचा असतो.

पैसे त्याने घेतले नाहीत. यांना सांगितलं तर म्हणाले, "अरेच्चा, म्हणजे उगीचच बोललो!"

उगीच कसं? वाढदिवसाचा म्हणून केक आला होता की. अंड्याचा, तोही रात्री साडेनऊला. दारातूनच परत पाठवला.