सगळ्यांना सारखंच दिसतं का? रंग, प्रकाश आणि आपले डोळे

शाळेत आपण सगळ्यांनीच ‘तानापिहिनिपाजा’ पाठ केलेलं असतं. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. परीक्षेत दोन मार्क मिळाले की विषय संपतो. पण शहागडमध्ये दवाखाना चालवताना हे सात रंग माझ्यासमोर सारखे येत राहतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले आजोबा येऊन सांगतात, “डॉक्टर, धोतर एवढं पांढरं असतं हे विसरूनच गेलो होतो.” वेल्डिंगच्या दुकानातला पोरगा रात्री दोन वाजता डोळे चोळत दार वाजवतो. एखादी आई तक्रार करते की मुलगा चित्रात झाडाचं खोड हिरवं आणि पानं तपकिरी रंगवतो, मुद्दाम करतो.

तिघांच्या तक्रारी वेगळ्या, पण मूळ एकच. डोळा म्हणजे काही समोरचं जसंच्या तसं दाखवणारी काच नव्हे. तो प्रकाशातला थोडासाच भाग टिपतो आणि तोही प्रत्येकाचा सारखा नसतो. हे समजलं तर काही आजार वेळेवर कळतात, काही अपघात टळतात आणि काही मुलांचा मार विनाकारण वाचतो.

प्रकाशाची चिंचोळी पट्टी

प्रकाश लाटांच्या रूपात येतो. या लाटांची लांबी नॅनोमीटरमध्ये मोजतात. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. माणसाला साधारण ३८० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या लाटा दिसतात. आखूड लाटा जांभळ्या, लांब लाटा तांबड्या. बाकीचे रंग या दोघांच्या मधे.

पण प्रकाश तिथे संपत नाही. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात तांबड्याच्या पुढे, जिथे काहीच दिसत नव्हतं तिथे थर्मामीटर ठेवला, तर पारा चढला. ते अवरक्त किरण. चुलीसमोर डोळे मिटून बसलात तरी गालाला जी धग लागते ती मुख्यतः त्यांचीच. पुढच्याच वर्षी योहान रिटर यांना जांभळ्याच्याही पलीकडे न दिसणारे किरण सापडले. ते अतिनील, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट. आपल्याला दिसतो तो या लांबलचक पट्ट्यातला चिंचोळा तुकडा.

पिवळा रंग नक्की असतो कुठे?

डोळ्याच्या मागच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. दंडपेशी सुमारे १२ कोटी. त्या अंधुक उजेडात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाहीत. शंकुपेशी सुमारे ६० लाख. त्या भरपूर उजेडात काम करतात आणि रंग ओळखतात. शंकुपेशींचे तीन प्रकार आहेत: आखूड लाटा टिपणाऱ्या, मध्यम लाटा टिपणाऱ्या आणि लांब लाटा टिपणाऱ्या. सोयीसाठी त्यांना निळ्या, हिरव्या आणि लाल शंकुपेशी म्हणू.

पिवळ्यासाठी वेगळी शंकुपेशी नाही. पिकलेली मोसंबी पाहताना लाल आणि हिरव्या, दोन्ही शंकुपेशी एकदम चाळवतात आणि मेंदू त्याचा अर्थ ‘पिवळं’ असा लावतो. खात्री करायची असेल तर मोबाईलवर मोसंबीचा फोटो लावा आणि स्क्रीनवर बोटाने पाण्याचा अगदी बारीक थेंब ठेवा. थेंब भिंगासारखं काम करतो. आत फक्त लाल, हिरवे आणि निळे ठिपके दिसतील. पिवळा ठिपका एकही नसतो. तो पिवळा तुमच्या डोक्यात तयार होतो.

बैलाला लाल, मधमाशीला न दिसणारं

पोळ्याला आपण बैलांची शिंगं हौसेनं लाल रंगवतो, पण खुद्द बैलाला तो लाल आपल्यासारखा दिसत नाही. गाय-बैलांकडे शंकुपेशींचे दोनच प्रकार असतात. लाल आणि हिरवा यांतला फरक त्यांना आपल्याइतका कळत नाही. लाल कापड पाहून बैल चवताळतो ही समजूतही खरी नाही. कापडाच्या हलण्यानं तो बिथरतो. कुत्र्याचंही तसंच. निळा आणि पिवळा त्याला कळतो, हिरव्या गवतात पडलेला लाल चेंडू मात्र तो रंगापेक्षा वासानं शोधतो. रात्रीच्या बाबतीत मात्र दोघेही आपल्या पुढे आहेत. बॅटरी मारली की गाईचे, कुत्र्याचे डोळे चमकतात, कारण त्यांच्या पडद्यामागे आरशासारखा एक थर असतो. एकदा आत आलेला उजेड तो थर पुन्हा पेशींवर टाकतो.

मधमाशीकडे आपल्यासारखेच तीन प्रकार आहेत, पण तिची पट्टी सरकलेली आहे. तिला लाल दिसत नाही, अतिनील दिसतं. सूर्यफूल आपल्याला सगळं पिवळं दिसतं. तिला त्यात मधोमध गडद वर्तुळ दिसतं, ‘इथे या’ अशी पाटी लावल्यासारखं. बहुतेक पक्ष्यांकडे तर चार प्रकार असतात. आपल्याकडचे शेतकरी याच गोष्टीचा रोज उपयोग करतात. कपाशीत पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे आणि फुलकिड्यांसाठी निळे का लावायचे, तर त्या किडीचा डोळा त्या रंगाकडे ओढला जातो म्हणून.

एक गोष्ट आपल्या सह्याद्रीतली. लाकूड पोखरून राहणारा मोठा काळा भुंगा तुम्ही पाहिला असेल. त्याच्या जातीतला एक भाऊबंद भीमाशंकरच्या जंगलात रात्री फुलांवर फिरतो. हेमा सोमनाथन, रेनी बोर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे काम करून २००८ साली दाखवलं, की चंद्र नसलेल्या रात्री, नुसत्या चांदण्यांच्या उजेडातही या भुंग्याला रंग ओळखता येतात. त्या उजेडात आपल्याला लाल-हिरवा तर सोडाच, हातातली वस्तूही धड दिसत नाही.

थोडक्यात, खरा रंग कुणाला दिसतो या प्रश्नाला अर्थ नाही. ज्याच्या डोळ्यात जशा पेशी, तसं त्याचं जग. हीच गोष्ट माणसामाणसांतही लागू होते.

तीन वर्षं धावल्यावर कळलं

आमच्या भागात पहाटे हायवेच्या कडेनं, गोदावरीच्या पुलाकडे धावणारी पोरं दिसतात. भरतीची तयारी. त्यांतला एक तरुण काही वर्षांपूर्वी आईला घेऊन आला. तीन वर्षं घाम गाळला होता. मैदानी झाली, लेखी झाली आणि वैद्यकीय तपासणीत ठिपक्यांच्या तक्त्यातला आकडा त्याला वाचता आला नाही. “डॉक्टर, कुठलं औषध घेऊ? पुढच्या भरतीपर्यंत बरं होईल का?”

हा तक्ता जपानचे डॉ. शिनोबू इशिहारा यांनी १९१७ साली काढला. रंगीत ठिपक्यांच्या गर्दीत आकडा लपवलेला असतो. लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्याला तो आकडा दिसत नाही, किंवा वेगळाच दिसतो.

बोलता बोलता आईला एकेक आठवू लागलं. लहानपणी मिरच्या तोडायला पाठवलं की लाल आणि हिरव्या सगळ्या एकत्र आणायचा. “लक्ष नाही तुझं कामात” म्हणून बोलणी खायचा. मग ती थांबली आणि म्हणाली, “माझ्या वडिलांचंही असंच होतं.”

तिनं बरोबर धागा पकडला होता. लाल आणि हिरव्या शंकुपेशींची सूचना एक्स गुणसूत्रावर असते. मुलाकडे एक्स एकच असतं आणि ते आईकडून येतं. त्या सूचनेत बदल असेल तर भरून काढायला दुसरं एक्स नसतं. मुलीकडे दोन एक्स असतात, त्यामुळे एकात बदल असला तरी तिला बहुधा रंग नीट दिसतात, पण तिच्या प्रत्येक मुलाकडे तो बदल जाण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून रंगांधळेपणा अनेकदा आजोबांकडून लेकीमार्फत नातवाकडे येतो आणि मधल्या पिढीत कुणाला पत्ताही नसतो. ‘मामावर गेलाय’ हे आपलं बोलणं इथे शब्दशः खरं ठरतं. युरोपीय वंशाच्या पुरुषांत शंभरात सुमारे आठ जणांना हा त्रास असतो. आपल्याकडे प्रमाण त्याहून कमी आहे. बायकांत फारच कमी.

यात दोष कुणाचाही नाही. आईचा तर नाहीच. घरात सुनेला यावरून बोलणी बसतात तेव्हा मी मुद्दाम सासऱ्यांना समोर बसवून हे समजावतो.

त्या तरुणाला मला खरं सांगावं लागलं: जन्मजात रंगांधळेपणावर सध्या औषध नाही. बाजारातले रंगीत चष्मे काही छटा वेगळ्या दाखवतात, पण नसलेली पेशी आणून देत नाहीत. त्याची नजर अधू नव्हती. सगळं स्पष्ट दिसत होतं, फक्त त्याच्या जगात लाल आणि हिरवा शेजारी शेजारी होते. तो पुढे हिशेबाच्या कामाकडे वळला आणि त्यात रमला. पण ती तीन वर्षं गेली ती गेलीच. चौथी-पाचवीत दहा मिनिटांची तपासणी झाली असती, तर त्यानं वाट आधीच बदलली असती.

दारं सगळी बंद नाहीत. रेल्वेचं इंजिन चालवणं, सैन्य आणि पोलीस भरतीतली अनेक पदं यांना रंगदृष्टीचे कडक निकष आहेत आणि त्यामागे सुरक्षिततेचं कारण आहे. पण जून २०२० मध्ये केंद्र सरकारनं नियम बदलून सौम्य ते मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना वाहन परवान्याची वाट मोकळी केली. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये रंगांधळेपणामुळे एका विद्यार्थ्याला संकलनाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश नाकारला गेला होता. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की संस्थेनं अशा विद्यार्थ्यांना कुठल्याच अभ्यासक्रमाचं दार बंद करू नये.

नंतर बदललेले रंग: याकडे दुर्लक्ष नको

जन्मापासून असलेला रंगांधळेपणा वाढत नाही. पण ज्याला आधी नीट दिसत होतं त्याचे रंग बदलले, तर तो आजाराचा इशारा असू शकतो.

मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग पिवळसर-तपकिरी होत जातं. निळा आणि जांभळा अडतो, पांढरं मळकट दिसतं. हे इतकं हळू होतं की माणसाला कळतच नाही. म्हणून ऑपरेशननंतर धोतर अचानक पांढरंशुभ्र दिसतं.

टीबीच्या उपचारात इथॅम्ब्युटॉल नावाचं औषध असतं. काही थोड्या रुग्णांत ते डोळ्याच्या नसेवर परिणाम करतं. लाल-हिरवा फिका वाटणं ही त्याची सुरुवातीची खूण असू शकते. असं जाणवलं तर मनानं गोळ्या बंद करू नका, पण डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा. वेळेत कळलं तर नजर बहुधा वाचते.

घरी करण्यासारखी एक तपासणी: बाटलीचं लाल झाकण समोर धरा. आधी एक डोळा झाका, मग दुसरा. एका डोळ्याला लाल स्पष्टपणे फिका दिसत असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

न दिसणाऱ्या किरणांचा मार

वेल्डिंगच्या ठिणगीतून अतिनील किरण निघतात. ते दिसत नाहीत, त्या क्षणी दुखतही नाही. सहा ते बारा तासांनी डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही. बुबुळाचा वरचा थर भाजलेला असतो. बहुतेकांना एक-दोन दिवसांत बरं वाटतं. पण त्यात तूप, मध किंवा दूध घालू नका. बधिर करणारे थेंबही मेडिकलमधून आणून सारखे टाकू नका, त्यानं जखम भरायची थांबते. काम करणाऱ्यानं तोंडावर वेल्डिंगची ढाल धरावी, आणि पोरांनी शेजारी उभं राहून पाहू नये.

उन्हातलं अतिनीलही वर्षानुवर्षं साठत जातं. त्यामुळे मोतीबिंदू लवकर येतो, बुबुळावर मांस वाढतं. रुंद काठाची टोपी, डोळ्यांवर ओढलेला रुमाल किंवा अतिनील किरण अडवणारा गॉगल वापरा. नुसती काळी काच कामाची नाही. तिच्यामागे बाहुली मोठी होते आणि किरणांना उलट जास्त वाट मिळते.

रात्री लाल कापड कुणाला दिसतं?

ऊसतोडीच्या हंगामात आमच्या हायवेवर रात्रभर ट्रॅक्टर-ट्रॉल्या चालतात. मागे लाल कापड बांधलेलं असतं. दिवसा ठीक. रात्री मात्र शंकुपेशी जवळपास बंद होतात आणि दंडपेशींना लाल प्रकाश फारसा टिपता येत नाही. म्हणून अंधारात लाल कापड काळं दिसतं. मागच्या चालकाला लाल कमी दिसणारा रंगांधळेपणा असेल, तर दिवसाही ते कापड त्याला मंदच दिसतं. ट्रॉलीला उजेड परतवणारी रिफ्लेक्टर पट्टी लावा आणि मागचा दिवा चालू ठेवा. कापडावर कुणाचा जीव सोपवू नका.

एवढं नक्की करा

- मुलगा आठ-दहा वर्षांचा झाला की रंगदृष्टी एकदा तपासून घ्या. आजोळी कुणाला रंगांचा त्रास असेल तर नक्कीच.
- रंग चुकवणाऱ्या मुलाला रागावण्याआधी त्याला काय दिसतं ते विचारा.
- गुरुजनांनी फळ्यावर फक्त लाल-हिरव्या खडूनं फरक दाखवू नये. अक्षर किंवा खूणही जोडावी.
- भरतीची तयारी सुरू करण्याआधी त्या पदाचे डोळ्यांचे निकष वाचा आणि तपासणी करून घ्या.
- रंग अचानक फिके वाटू लागले तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका.

ठिपक्यांचा तक्ता डोळ्यांच्या कुठल्याही डॉक्टरांकडे असतो. तपासणीला दहा मिनिटं पुरतात. सुई नाही, थेंब नाही. सुट्टीच्या दिवशी पोरांना घेऊन या.